अठ्ठावीस ग्रॅम आत्सोमो

काट्यावर अठ्ठावीसचा आकडा येऊन थांबला आणि त्याच वेळी मागच्या दारानं आवो आत आल्या. आवो म्हणजे माझ्या सासूबाई. नाव अयेले, पण समुद्राकाठच्या तेशी गावात त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना आवो, म्हणजे आईच म्हणतात. मी बनियनवर ओट्याशी उभा. समोर पंजाएवढा पांढरा काटा, काट्यावर तळलेल्या आत्सोमोचे सात तुकडे, बाजूला आवोंनीच पंधरा दिवसांपूर्वी भरून दिलेली बरणी, झाकण उघडं. मला काय सुचावं? मी काट्यावर हात ठेवला. झाकायला. काटा बिचारा प्रामाणिक, त्यानं माझ्या हाताचंही वजन घेतलं. आकडा भराभर चढत पाचशेच्या पुढे गेला. खाताना कुणी दारात आलं तर 'या, हात घाला' म्हणायचं असतं, हे आमच्याकडे बोलायला न लागलेल्या पोरालाही कळतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. आवोंनी काखेतली नवी बरणी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, उघड्या बरणीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "किती निघालं?"

या प्रश्नाची मला इतकी सवय आहे की तो कुणी विचारला हे लक्षात यायच्या आधीच उत्तर बाहेर पडतं. तेमा बंदराच्या रस्त्यावर ट्रकांचा जो मोठा वजनकाटा आहे, तिथे मी एकोणीस वर्षं नोकरी करतो. सिमेंटचे ट्रक, उत्तरेकडून येणारे कांद्याचे, रताळ्याचे ट्रक काट्यावर चढतात, एकेका एक्सलवर किती भार पडतो ते मी बघतो, आणि ड्रायव्हर खिडकीतून मान काढून असंच, हळूच, पडेल आवाजात विचारतो, किती निघालं. मी वर न बघता एक तर दंडाचा कागद फाडतो नाहीतर म्हणतो, बरोबर आहे, जा. तेच मी म्हणालो. "बरोबर आहे," मी म्हणालो, माझ्या सासूला, तिनं तळून आणलेल्या खाऊबद्दल, तिच्या मुलीच्या स्वयंपाकघरात उभा राहून. निदान 'जा' तरी म्हणालो नाही. आवोंनी मान हलवली. म्हणाल्या, "बरोबर असणारच, ऑफिसर." एरवी त्या मला नावानं, लार्ये म्हणतात. मी पाणी देतो म्हणालो, पण त्या पाणी न पिता गेल्या. जाताना जुनी बरणीही त्यांनी मागितली नाही.

त्या गेल्यावर मी ते सात तुकडे खाल्ले. हे सांगायला लाज वाटते, पण खाल्ले. कारण ते मोजून झाले होते आणि सकाळच्या हिशोबात धरले होते. आत्सोमो म्हणजे काय, मैदा, साखर, लोणी, जायफळ, चौकोनी कापून खरपूस तळलेलं. आमच्याकडे बाळाचं नाव ठेवायचं असो की म्हातारा पुरायचा असो, बशीत हे असतंच. माझ्या फोनला मात्र आत्सोमो माहीत नाही. जेवण टिपायची ती सोय मी चौदा महिन्यांपूर्वी फोनमध्ये घेतली तेव्हा पहिला शब्द हाच टाकला होता, आणि फोननं उलट मलाच विचारलं होतं की तुम्हाला टोमॅटो म्हणायचंय का. मग मीच एकेक तुकडा तोलला. आवोंचा हात इतका सारखा की कुठलाही तुकडा उचला, चार ग्रॅम. चार ग्रॅमला वीस कॅलरी धरायच्या असं मी ठरवून टाकलं. सात तुकडे, एकशे चाळीस. दिवसाला सात. सहा खाल्ले तर उगाच स्वतःचं कौतुक वाटायचं आणि आठवा तोंडात गेला तर दिवसभर ड्रायव्हरांवर खेकसायचो. त्यातल्या एकाला तरी कळलं असतं का की हा माणूस आपल्या एक्सलवर नाही, एका तुकड्यावर चिडलाय.

आजार म्हणाल तर काही नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आजार असता तर मी आवोंना केव्हाच सांगितलं असतं. साखर, रक्तदाब, डॉक्टर यांची नावं घेतली की आमच्याकडे सगळं माफ असतं. माझं कारण एवढंसं आहे की ते सांगण्यापेक्षा रोग झालेला बरा. मेहुण्याच्या मुलीच्या बारशाला अंगणात पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी बसलो आणि खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले. मी खाली, हातातली बशी छातीवर, आणि आजूबाजूला शंभर माणसं हसतायत. वाईट हसत नव्हती. तेच तर. प्रेमानं हसत होती. कुणी म्हणालं, बायको जीव लावून घालतेय बरं का. कुणी म्हणालं, याला आता लोखंडी खुर्ची करून घ्या. आणि आवो पुढे आल्या, मला हात धरून उठवलं, माझ्या पाठीवर थापटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा बावन्न किलो होता. बघा." त्या दिवसाइतका अभिमान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. लग्नातसुद्धा नाही. आणि मला आतून असं वाटत होतं की आपल्याला काट्यावर चढवलंय आणि खिडकीतून कुणीतरी आकडा वाचतंय. त्यांचा अभिमान आणि माझी लाज एकाच खुर्चीवर बसली होती आणि ती खुर्ची मोडली होती, आता हे कुणाला कसं सांगायचं? 'आवो, तुम्ही जे सोळा वर्षं माझ्या अंगावर चढवलंत ते मला नको आहे' हे वाक्य मी अनेकदा मनात जुळवून पाहिलं. कसंही फिरवलं तरी ते शिवीसारखंच लागतं.

म्हणून मी चोरून बारीक व्हायला लागलो. त्यातली गंमत अशी की बारीक होणं लपत नाही. ओडोले, माझी बायको, तिला आधी वाटलं मला काहीतरी झालंय. तिनं रोज माझ्या कपाळाला हात लावून बघितलं. मग तिला वाटलं मी बाहेर कुणी ठेवलीय, कारण आमच्याकडे पंचेचाळिशीतला नवरा बारीक झाला की बायका त्याच्या शर्टाचा वास घेतात. तिनंही घेतला असणार. तिच्या मावश्या लग्नकार्यात तिला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या, घरी चूल पेटते ना गं? ती हसून सोडून द्यायची आणि घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही. मी पट्ट्याला नवी भोकं पाडत होतो आणि ती माझ्या पँटी आत घेत होती, आणि त्याबद्दल आमच्यात एक शब्द होत नव्हता. खरं तर एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या पोटात खुर्ची होती, आणि शंभर माणसांचं हसणं होतं, आणि त्या हसण्याला भिणारा मी होतो. तेव्हा मी उलट मोठ्यानं म्हणायचो, आवोंचा आत्सोमो संपला वाटतं, पाठवा म्हणावं आणखी. म्हणजे संशय नको. रिकामी बरणी मी मुद्दाम लवकर परत पाठवायचो. त्या गल्लीभर सांगायच्या की जावयानं पंधरा दिवसांची बरणी आठ दिवसांत उडवली, आणि पुढची त्याहून मोठी भरायच्या. गुडघे गेलेली सत्तरीची बाई, माझ्यासाठी उकळत्या तेलासमोर आणखी तासभर बसायची, आणि ते सगळं कुठे जायचं हे फक्त मला माहीत होतं.

आवो आल्या त्या शनिवारनंतर मी स्वतःची समजूत काढायचा बराच खटाटोप केला. त्यांनी पाहिलं काय, एक काटा. घराघरात असतो. केक करणाऱ्या बायका वापरतात. पण आवो केक करणाऱ्या बायकांपैकी नाहीत. चाळीस वर्षं त्या घरासमोर स्टुलावर बसून मार्गारिनच्या डब्यानं आत्सोमो मोजून विकतात. आमच्या बाजारात डब्याचं बूड आतून ठोकून वर आणतात, म्हणजे डबा भरलेला दिसतो आणि माल कमी बसतो. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोण करतं हेही माहीत आहे. आवोंच्या डब्याचं बूड सपाट. वर शीग, आणि शिगेवर एक मूठ आणखी, ती मागावी लागत नाही. अशा बाईचा माल कुणी घरी नेऊन काट्यावर घालत नाही. घातला तर त्याचा अर्थ एकच होतो. आणि घालणारा मी, ज्याला सरकार पगारच यासाठी देतं की लोकांनी खोटं सांगितलेलं वजन पकडायचं. मी काट्यावर ट्रक कौतुकानं चढवत नाही, हे आवोंना चांगलं ठाऊक आहे. हे सगळं मला त्या दारात उभ्या होत्या तेव्हाच कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. 'बरोबर आहे' म्हणताना कळलं होतं. तेव्हा एका क्षणात मला निवडायचं होतं, त्यांनी मला संशयी समजावं की पोटाला घाबरणारा माणूस समजावं. मी त्यांना दुखवणं निवडलं, कारण ते मला स्वस्त पडत होतं.

बुधवारी ओडोले तेशीला जाऊन आली. आली ती पिशवीही खाली न ठेवता दारात उभी राहिली. म्हणाली, आईला काय झालंय कळत नाही. दोन दिवस ती डब्यावरून पट्टी फिरवून माल देतेय, सपाट. वरची मूठ बंद. एका जुन्या गिऱ्हाइकानं हसत विचारलं, आवो, आज मूठ विसरलात, तर ती म्हणाली, मूठ देऊन झाकत होते असं कुणी म्हणायला नको. सोमवारी तर ती मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये गेली आणि त्यांच्या काट्यावर स्वतःचा डबा भरून तीनदा तोलला. तिन्ही वेळा थोडा थोडा फरक आला. येणारच, मी मनात म्हटलं, खाऊचे तुकडे आहेत, ते काही सारखे बसत नाहीत. पण आवो त्या फरकाला धरून बसल्या होत्या. ओडोलेला म्हणाल्या होत्या, "चाळीस वर्षं मी डोळ्यानं दिलं. कुणाला किती कमी गेलं असेल, आता कसं शोधू?"

"तू आईला काय म्हणालास?" ओडोलेनं विचारलं.

मी म्हणालो, काही नाही.

"ती म्हणते, तुझ्या नवऱ्याला काटा कळतो. त्याला शंका आली म्हणजे काहीतरी असणार. लार्ये, दिवसभर लोकांच्या ट्रकांवर संशय घेऊन तुझं पोट भरत नाही का?"

माझं पोट भरत नाही हे तेव्हा खरंच होतं, आणि मला हसू येईल की काय अशी भीती वाटली. मी म्हटलं, रविवारी जाऊन येतो. ती पिशवी घेऊन आत गेली. रात्रीच्या जेवणाला तिनं मला काय वाढलं ते मी नेहमीप्रमाणे डोळ्यानं तोललं आणि नंतर त्याची इतकी शरम वाटली की फोनमध्ये लिहिलंच नाही. पण आकडा डोक्यात राहिलाच. कागदावर न लिहिलेले आकडे जास्त टिकतात.

रविवारी चर्चनंतर मी तेशीला उतरलो. समुद्राकडून वारा होता, गल्लीत मासे वाळत होते. आवो घरासमोर स्टुलावर होत्या, पण कढई नव्हती, चूल थंड होती. मला बघून उठल्या, खुर्ची पुसली, आत जाऊन पाणी आणलं. मी प्यालो. मग रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, इकडे सगळं शांत आहे, तुझं येणं कशाला झालं? आणि रीतीप्रमाणे मी म्हणालो, तिकडेही सगळं शांत आहे, काही वाईट घेऊन आलो नाही. ही वाक्यं माझ्या आजोबांनी म्हटलीत, त्यांच्या आजोबांनी म्हटलीत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी ती खोटं बोलायला वापरली असणार. त्यानंतर खरं कारण सांगायचं असतं. मी ग्लासातल्या उरलेल्या पाण्याकडे बघत राहिलो. शेजारची एक बाई कपडे वाळत घालत होती, ती आत जाईल म्हणून थांबलो. ती गेली नाही. शेवटी तिच्यादेखतच बोललो.

"आवो, त्या दिवशी मी तुमचं माप काढत नव्हतो."

"काढलंस तरी काय झालं," त्या म्हणाल्या. "तुझं कामच आहे ते. फरक येतो. मी बघून आले."

"तुमचं नव्हतो काढत. माझं काढत होतो."

त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं. खुर्ची सांगितली. हसणारी माणसं सांगितली. दिवसाला सात तुकडे, प्रत्येक चार ग्रॅमचा, फोनमध्ये लिहून ठेवतो, हेही सांगितलं. सुरू केल्यावर थांबवेना. मक्याच्या पिठाचं उकडलेलं केंके अर्धंच खातो, पाम तेलाचं सार वरचं तेल काढून टाकून पितो, तुमच्याकडे जेवायला येतो त्याच्या आदल्या दिवशी जवळजवळ उपाशी राहतो म्हणजे तुमच्यासमोर पोटभर खाता येतं. चौदा महिने. आवो ऐकत होत्या. मला वाटलं होतं की आता त्यांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरेल. माप बरोबर होतं, मूठ बरोबर होती, कुणी त्यांना चोर म्हटलं नव्हतं. तसं काही झालं नाही. त्यांची नजर माझ्या गळ्याशी, शर्टाच्या उघड्या बटनापाशी गेली, जिथे आता हाडं दिसतात, आणि तिथेच राहिली.

"त्र्याऐंशी सालच्या दुष्काळात मी मोजत होते," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांनी एक केंके मिळायचं. दोऱ्यानं त्याचे चार भाग करायचे. एक ओडोलेला, एक तिच्या भावाला, दोन त्यांच्या बापाला, तो होडीवर जायचा. ओडोले चार वर्षांची होती, ती माझ्या हाताकडे बघायची, दोरा सरळ जातोय का वाकडा. तेव्हा ठरवलं, हे संपलं की माझ्या घरात कुणासाठी मोजायचं नाही." मग म्हणाल्या, "तू मला चोर समजलास असं वाटलं तेव्हा वाईट वाटलं. पण यापेक्षा ते बरं होतं."

शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबली होती.

"सात खायचास," आवो म्हणाल्या. "बरणीत तर तीनशे-चारशे असतात. बाकीचे?"

इथेही मला खोटं बोलता आलं असतं. ड्रायव्हरांना वाटले म्हणता आलं असतं, ते निदान माणसांच्या पोटात गेले असते. पण एवढं सांगून झाल्यावर तेवढ्यासाठी खोटं बोलायला जीभ उचलेना.

"कामावरच्या काट्यापाशी शेळ्या असतात," मी म्हणालो.

आवोंनी मान डोलावली. हात मांडीवर ठेवले. त्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत तेल उडून पडलेले बारीक काळे डाग आहेत, ते मी सोळा वर्षं बघतोय, पण किती आहेत ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"शेळ्यांना आवडायचं का?" त्यांनी विचारलं.

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या, जशा एखाद्या नव्या गिऱ्हाइकाबद्दल विचारतील. त्यांनी टोमणा मारला असता तर मी खाली बघून सोसला असता. मी म्हणालो, हो, आवडायचं. मी दिसलो की धावत यायच्या. आवोंना त्याचं थोडं बरं वाटलं असावं, कारण त्यांनी खांदे सैल सोडले आणि समुद्राच्या बाजूला पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी साधा, पोर शाळेतून आल्यावर विचारतात तसा.

"आत्ता भूक लागलीय का तुला, लार्ये?"

किती सोपा प्रश्न. हो किंवा नाही. जो माणूस हा प्रश्न विचारतोय त्याच्याकडे बघायचं, आपल्या पोटाकडे लक्ष द्यायचं, आणि सांगायचं. मला खरंच सांगायचं होतं. मी सकाळचं आठवलं. उकडलेली दोन अंडी, एकशे छप्पन्न. अर्धं केंके, दोनशे दहा. चहा बिनसाखरेचा, त्यात दूध एक चमचा. येताना स्टँडवर एक संत्रं खाल्लं होतं, मोठं होतं की मध्यम, मध्यमच धरावं, साठ. एकूण चारशे तीसच्या आसपास, म्हणजे दुपारपर्यंत अजून, आणि मान वर केली तर आवो माझ्या ओठांकडे बघत होत्या. ते हलत होते.